देवी काढणाऱ्याचा कवितासंग्रह

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. काका दंडाकडे बघत. अंबरनाथ पूर्वेच्या चाळीत मी आणि आई नव्यानं राहायला आलो, तेव्हा शेजारी म्हणून ते दारात उभे राहिले. आईनं पदर सावरून सांगितलं, "ही माझी मुलगी. शाळेत शिक्षिका आहे." काकांनी माझ्या पोलक्याच्या बाहीखाली दिसणारे वण मोजले आणि म्हणाले, "चारही उठल्यात. कुणी काढल्या?" मला असा राग आला म्हणता! देवी कुणी काढल्या हे काय कुणी लक्षात ठेवतं? आईला मात्र आमच्या गावच्या टोचणाऱ्याचं नाव आठवलं. तेव्हा काका मान हलवून म्हणाले, "हात चांगला होता त्याचा." एवढ्यावर आमची ओळख झाली आणि मग ती आठ वर्षं टिकली.

काका लोकल बोर्डाकडे देवी काढायच्या, म्हणजे देवीची लस टोचायच्या कामावर होते. दिवाळी झाली की त्यांची फेरी सुरू व्हायची ती उन्हं तापेपर्यंत. सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बरॅकी, अंबरनाथच्या चाळी, बदलापूर-वांगणीकडची गावं आणि त्यामागच्या डोंगरातल्या वाड्या, एवढा मुलूख ते पायी तुडवत. खांद्याला कॅनव्हासची पिशवी. तिच्यात लशीच्या काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, टोचायचं हत्यार आणि एक जाड सरकारी वही. खेड्यात सगळे त्यांना देवीडॉक्टर म्हणत. ते लगेच दुरुस्ती करत, "डॉक्टर बरं करतो हो. मी नुसता टोचतो." बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. दोन वेळा स्वतःच्या हातानं खिचडी करून खात आणि त्या खिचडीचंही कौतुक करत.

तऱ्हेवाईक तर इतके, की ज्या घरात मूल टोचलं त्या घरचं पाणीसुद्धा आठ दिवस घेत नसत. आठव्या दिवशी परत जायचं, फोड उठलाय का बघायचं, वहीत नोंद करायची आणि मग ओसरीवर बसून हक्कानं चहा मागायचा. "आधी काम झालं का ते बघू दे, मग पाहुणचार," म्हणायचे. लोकांना तो शिष्टपणा वाटायचा. एका घरची आजी तर त्यांना ‘आठव्याचा पाहुणा’ म्हणूनच हाक मारी.

ते कविता करतात हे मला कळलं ते माझ्या अक्षरामुळे. शाळेत मुलांना टोचायला आले असताना त्यांनी माझा फळा पाहिला. संध्याकाळी आमच्याकडे आले आणि अवघडून म्हणाले, "बाई, छापखान्याला द्यायची एक प्रत करून द्याल का? माझं अक्षर मलाच लागत नाही." मी वही उघडली. पुढून सरकारी नोंदी होत्या. मागून, उलट्या बाजूनं, पेन्सिलीनं कविता.

मी त्या वेळी स्वतःला साहित्यातलं बरंच कळतं असं समजत असे. कवितेत चंद्र असावा, निदान वारा तरी असावा. काकांच्या कवितेत माणसं होती, तीही ओळखू येणारी. काडेपेट्या भरून बोटांची पेरं काळी पडलेली बाई. कॅम्पात पापड लाटणाऱ्या तीन बहिणी. लाकडाची मोळी घेऊन बदलापूर स्टेशनात बसलेला ठाकर, ज्याला तिकीट म्हणजे काय हे ठाऊक होतं, पण आपल्याला ते कोण देईल हे ठाऊक नव्हतं. कुणाची कीव नव्हती की कुणाचा जयजयकार नव्हता. पहिल्या संध्याकाळी मी चार कविता उतरवल्या आणि माझं साहित्यातलं ज्ञान गुपचूप बाजूला ठेवलं.

मग मला त्यांचा नियम समजला. ज्याच्यावर कविता लिहिली त्याला ती जाऊन वाचून दाखवायची. ऐकून तो नको म्हणाला, तर तिथंच फाडायची. हो म्हणाला, तरी काम संपत नसे. आठ दिवसांनी पुन्हा जायचं आणि विचारायचं, "काय राहिलं लक्षात?" एखादी ओळ, एखादा शब्द, निदान एखादी तक्रार तरी राहिलेली असावी लागे. काहीच राहिलं नसेल तर ती कविता बाद.

"अहो काका, लोकांना लक्षात राहत नाही म्हणून कविता वाईट ठरते का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"दुसऱ्या लोकांना न राहो," ते म्हणाले. "ज्याची आहे त्याला राहायला हवी. नाहीतर मी त्याच्याबद्दल लिहिलंच नाही, माझ्याबद्दल लिहिलं."

कारखान्यातल्या एका रात्रपाळीवाल्यावरची कविता मी तीनदा लिहून काढली होती, इतकी ती मला आवडली होती. आठव्या दिवशी तो बिचारा ओशाळून म्हणाला, "काका, शपथ, चांगलीच होती. पण आता काय सांगू, डोक्यात काय पण नाय." काकांनी त्याच्यासमोर ती फाडली आणि त्याच्याच घरी मजेत चहा प्याले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

छापखाना कॅम्पात होता, एका बरॅकीच्या टोकाच्या खोलीत. मालक सिंधी, वयानं माझ्याएवढाच. पायानं चालवायचं एक यंत्र त्यानं कुठून तरी मिळवलं होतं. त्यावर तो पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांची कागदं छापायचा. मराठी अक्षरांचे खिळे जुळवायला कल्याणहून एक जण यायचा. कवितांचं पुस्तक तो पहिल्यांदाच करत होता आणि त्याला त्याचा भारी अभिमान. "डॉक्टर साईं, एक भी गलती नहीं होनी चाहिए. लोग बोलेंगे, सिंधी को मराठी नाही येत," असं तो दर भेटीला म्हणायचा.

त्याच्या म्हाताऱ्या आईवर काकांनी कविता केली होती. बरॅकीच्या नळावर ती रोज सगळ्यात आधी येऊन बसायची आणि सगळ्यांना पाणी मिळाल्यावर सगळ्यात शेवटी भरायची. मुलानं ती कविता आईला सिंधीत समजावून सांगितली. म्हातारीनं हो म्हटलं. आठव्या दिवशी आम्ही गेलो तर ती वाटच बघत होती. मुलगा हसत म्हणाला, "साईं, अम्मा आठ दिन से एकच विचारते. मैं कब रोई?" कवितेच्या शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आल्याची ओळ होती. काका खाली बसले, पेन्सिल काढली, ती ओळ खोडली आणि म्हातारीला म्हणाले, "माफ करा. ते पाणी माझ्या पदरचं होतं." कविता तिथंच एक ओळ आधी संपली आणि खरं सांगते, जास्त चांगली झाली. म्हातारीनं आम्हाला पापड भाजून दिले.

तर अशी गाळत गाळत पुस्तकात बावीस कविता उरल्या. आणि वहीच्या अगदी शेवटच्या पानावर एक राहिली. कणगीची.

ती कविता अशी होती:

कणगीत दाणे ठेवतात,
तू मूल ठेवलंस,
टोचणाऱ्यापासून लपवून.
होळीनंतर कणगी उघडी पडली.
दाणे उरले होते.

एवढीच. मी ती वाचली तेव्हा हातातला टाक खाली ठेवला. बारवी नदीच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी होती, तिथल्या एका बाईवरची ही कविता. देवीडॉक्टर येतो म्हटलं की वाडीतल्या बायका पोरं लपवत. टोचलं की देवीची अवकृपा होते, ताप चढतो, हात सडतो, काय वाट्टेल ते बोललं जायचं. हिनं आपला तीन वर्षांचा मुलगा धान्याच्या कणगीत बसवून वर टोपलं ठेवलं. काका रिकाम्या हातानं परत गेले. त्याच हंगामात वाडीत देवीची साथ आली आणि मुलगा गेला.

"ही नाही घ्यायची," काका म्हणाले. "ही वाचून दाखवलेली नाही."

"मग जा ना दाखवायला."

"जाईन."

हे ‘जाईन’ मी दीड वर्ष ऐकलं. मुलगा जाऊन त्याआधीच दीड वर्ष झालं होतं. काकांना तिथं जायची हिंमत होत नाही हे मला दिसत होतं, आणि मला ते साहजिकही वाटत होतं. मूल गेलेल्या आईपुढं बसून तिला हे कसं वाचून दाखवणार? पण म्हणून कविता टाकायची? पुस्तकातल्या बाकीच्या कविता चांगल्या होत्याच, पण या एका कवितेनं शहाणीसुरती माणसं खडबडून जागी झाली असती. गावोगाव पोरं मरत होती. अशा वेळी एका बाईच्या हो-नाहीवर काय अडायचं, असं मी स्वतःला समजावलं. मी तशी मनस्वी होते, आणि आपण करतो ते समाजाच्या भल्यासाठीच, अशी माझी खात्री होती. छापखान्याला द्यायची प्रत माझ्याच हातात होती. बावीस कवितांनंतर मी तेविसावी उतरवली आणि काकांना काही बोलले नाही.

त्याला चूक म्हणायची की काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वेळी मात्र मला आपण मोठं काम केलं असं वाटत होतं.

मुद्रितं तपासायला काका एकटेच कॅम्पात गेले. परत आले ते सरळ आमच्या दारात. हातात त्या पानाचा कागद होता, शाई अजून पुरती वाळली नव्हती. मला वाटलं, आता ओरडतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते म्हणाले, "छापल्यावर ती खरी दिसते, नाही?" मग म्हणाले, "उद्या शाळेत रजा टाका, बाई. वाडीवर जायचंय. तुम्ही लिहिलीत, तुम्हीही चला."

सकाळी बदलापूरला उतरून आम्ही चालायला लागलो. दोन तास शेतांतून, मग चढ. भात कापून झालेलं होतं आणि खाचरांत नुसती बुडखी उभी होती. काका एरवी वाटेत सारखे बोलत, या घरात चार उठल्या, त्या घरात एकही नाही. त्या दिवशी अवाक्षर नाही. पायथ्याच्या गावाशी आल्यावर मी विचारलं, "वाडीवर शेवटचे कधी आला होतात?"

"तेव्हाच," ते म्हणाले. "नंतर ही फेरी मी दुसऱ्याला दिली."

बाई झोपडीपुढं शेणानं अंगण सारवत होती. तिशीही गाठली नसेल. काकांना पाहून तिनं हात धुतले, घोंगडं आणून टाकलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. झोपडीच्या आत एक दीड-दोन वर्षांची पोरगी मातीत खेळत होती. ही नंतरची. काकांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. कागद काढला आणि म्हणाले, "तुमच्यावर मी हे लिहिलंय. ऐका. नको वाटलं तर नको म्हणा."

त्यांनी वाचली. आवाज अजिबात कापला नाही.  बाईनं मान खाली घालून ऐकलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यांनी परत वाचली.

"कणगी बरोबर हाय," बाई सावकाश म्हणाली. "दाणं उरलं, त्ये बी खरं. पन तुमी थांबला व्हता, त्ये ह्यात नाय."

 मला कळेना ती कशाबद्दल बोलतेय.

"मी चुलीमागं उबी व्हते," ती माझ्याकडे वळून सांगू लागली. "ह्ये आलं, घर बगितला. मंग जाया लागलं, तवा त्यो खोकला. आतून. ह्ये कणगीपाशी थांबलं. मला वाटला, आता काडतील भायर. मी कायपण बोलले नसते. मनातून म्हनत व्हते, काडा. मी कशी काडू? सासू बसलेली समूर. ह्येंनी काडला आसता तर बोल माज्यावर आला नसता. मंग ह्ये गेलं."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी कागदाची घडी घातली होती आणि ती आणखी आणखी बारीक करत होते.

"हो," ते म्हणाले. "मला ऐकू आलं होतं. आदल्या घरी बायकांनी अंगावर शेण फेकलं होतं. मला त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला होता. वहीत ‘मूल गैरहजर’ लिहिलं आणि निघालो. म्हटलं, पुढच्या फेरीला बघू."

तीन वर्षं हा माणूस प्रत्येक कवितेसाठी दारोदार हिंडला, दुसऱ्याच्या डोळ्यांतलं खोटं पाणी खोडत बसला, आणि या एका कवितेत स्वतः मात्र नव्हता. आणि ती कविता तेवढ्यानंच मला इतकी धारदार वाटली होती. तिच्यात दोष सगळा एकाच माणसाचा होता आणि ते माणूस आमच्यातलं नव्हतं. मला त्या घोंगड्यावर बसवेना.

बाई मात्र रडली नाही की रागावली नाही. आत गेली आणि पोरीला उचलून घेऊन आली. पोरीचा दंड काकांपुढं धरला. "हिच्या काडा."

काकांनी पिशवी उघडली आणि तसेच थांबले. वाचून दाखवायला निघताना त्यांनी पिशवी हलकी केली होती. तिच्यात छापलेले कागद होते, भाकरी होती. लस नव्हती.

"आज आणली नाही," ते म्हणाले.

"मंग कशाला आलाव?"

तिनं ते टोचून नाही विचारलं. खरोखरीच कळेना म्हणून विचारलं. काका उठून उभे राहिले. "मी गेल्यावर दुसरा यायचा ना? त्यानं नाही काढल्या?"

"तुमच्यामागं हितं कोन चडलाच नाय," बाई म्हणाली. "खालच्या गावात येतो म्हनं. आमाला सांगावा पन नाय. तीन वर्सांची समदी पोरं तशीच हायेत."

"उद्या लस घेऊन येतो," काका म्हणाले आणि आम्ही उतरलो. अर्ध्या उतारावर काका एकदा एका दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी बाजूला उभी राहिले.  संध्याकाळी ते परस्पर कॅम्पात गेले आणि तेविसावी कविता पुस्तकातून काढायला सांगितली. छापखानेवाला कळवळून म्हणाला, "साईं, येच तो सबसे अच्छी थी!" काका म्हणाले, "म्हणूनच." पुढं बावीस कवितांचं ते पुस्तक निघालं, कुठल्याशा मासिकात त्याच्यावर चार बऱ्या ओळीही आल्या. पण मी सांगतेय ते वाडीवरून उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

मी दुसऱ्याही दिवशी रजा टाकली. मुख्याध्यापिका काय बोलल्या ते सोडा. ऊन चढायच्या आत आम्ही वाडीवर पोचलो. बाईनं घरोघर सांगून ठेवलं होतं. बायका आल्या, काही कुरकुरत, काही पोरांना ओढत. तिची सासूही आली आणि लांब दगडावर पाठ करून बसली. काकांनी दिवा पेटवला, हत्यार तापवून गार केलं आणि एकेक दंड हातात घेतला. मी वही धरून नावं लिहीत होते. एकही मूल त्या दिवशी लपलं नाही.

शेवटी ती पोरगी. टोचल्यावर तिनं भोकाड पसरलं, बाईनं तिला छातीशी घेतलं. काकांनी माझ्या हातून वही घेतली. प्रत्येक घराची नोंद पुरी करताना ते एकच प्रश्न विचारत, तोच त्यांनी विचारला, "घरात मुलं किती?"

"दोन," बाई म्हणाली.

काकांनी वर पाहिलं.

"दोन लिवा," ती म्हणाली. "त्या कागदात त्याला ठिवू नका. हितं ठिवा, समद्या पोरांत." आणि तिनं मुलाचं नाव सांगितलं. आमच्यापैकी कुणाला ते तोवर माहीत नव्हतं. कवितेतही ते नव्हतं आणि वहीतही नव्हतं.

काकांनी पोरीच्या नावाच्या वर ते नाव लिहिलं. वय तीन, असं लिहिलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. सरकारी वही, वरिष्ठांच्या डोळ्यांखालून जाणारी. काकांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. मग त्यांनी लिहिलं: ‘टोचणारा गैरहजर.’ खाली पुरी सही केली, आणि ते बाईला मोठ्यानं वाचून दाखवलं.